श्वास बाहेर गेल्यावर: मृत्यूचा प्रश्न घेऊन ध्यानाला बसणाऱ्यांसाठी

वडिलांचे शेवटचे दोन तास मी त्यांच्या उशाशी बसून होते. श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. एक श्वास बाहेर जायचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा छाती वर यायची. नकळत मी ती अंतरं मनात मोजू लागले. आठ. बारा. वीस. शेवटच्या खेपेला साठपर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि आईने माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मोजणं थांबलं.

पुढचे तेरा दिवस घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून गेला. आत्मा अमर असतो. पिंडाला कावळा लगेच शिवला, म्हणजे मागे काही इच्छा राहिली नव्हती. डॉक्टर असलेल्या चुलतभावाने हळूच सांगितलं की मेंदू बंद पडला की सगळं संपतं. मला कुणाचंच बोलणं खोटं वाटलं नाही, आणि कुणाच्याच बोलण्याने समाधानही झालं नाही. सकाळी माझ्याकडे बघून ओळखीचं हसलेलं जे काही होतं, ते संध्याकाळी कुठे गेलं, एवढंच मला हवं होतं.

ध्यानाकडे मी वळले ती या प्रश्नामुळे. पण पहिली तीन वर्षं वाया गेली. डोळे मिटून बसलं की काहीतरी दिसेल, कुणीतरी भेटेल, या आशेने मी बसत होते. ते ध्यान नव्हतं, ती वाट बघणं होतं. तुमची वर्षं तशी जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. कशावर विश्वास ठेवायचा ते इथे सांगणार नाही. कसं बसायचं, काय बघायचं आणि कुठे सावध राहायचं, तेवढं सांगते.

बसण्याआधी: प्रश्न नीट धरा

कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो आणि त्याबदल्यात तीन वर मिळवतो. तिसऱ्या वराला तो नेमका आपलाच प्रश्न विचारतो: माणूस मेल्यावर काही जण म्हणतात तो उरतो, काही म्हणतात उरत नाही, खरं काय? यम हत्ती, घोडे, सोनं, दीर्घ आयुष्य देऊ करतो. मुलगा हटत नाही. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची चिकाटी. उत्तर मिळेपर्यंत त्याने प्रश्नाच्या जागी दुसरं काही घेतलं नाही. आपण मात्र लगेच काहीतरी घेतो. कुणी पुनर्जन्माच्या चित्तथरारक कथा घेतो, कुणी ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ असं म्हणणारे व्हिडिओ.

विज्ञानाकडे जे आहे ते थोडक्यात बघू, म्हणजे त्यावर कुणी तुम्हाला फसवणार नाही. 2001 साली नेदरलँड्समधल्या 10 रुग्णालयांतला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 344 रुग्णांशी बोलल्यावर 62 जणांनी त्या काळातला काही अनुभव सांगितला: शांती, प्रकाश, गेलेली माणसं भेटणं, शरीराबाहेरून स्वतःला बघणं. उरलेल्यांना काहीच आठवत नव्हतं. 2023 मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी कृत्रिम श्वास काढल्यानंतर मरण पावलेल्या चार रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या दोघांच्या मेंदूत शेवटच्या वेळी वेगवान लहरींची उसळी दिसली. त्या उसळीत त्यांना काय जाणवलं हे सांगायला ते दोघे राहिले नाहीत. तिबेटी परंपरेत काही साधक मृत्यूनंतरही अनेक दिवस ध्यानात बसलेले असतात असं मानतात. त्याला तुकदम म्हणतात. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी 2021 मध्ये अशा देहांच्या मेंदूतले विद्युत संकेत मोजले, तेव्हा त्यांना काहीही हालचाल आढळली नाही.

यातून ‘जाणीव उरते’ हेही सिद्ध होत नाही आणि ‘उरत नाही’ हेही नाही. जे परत आले ते दारापर्यंत जाऊन आले. दारापलीकडचं उसनं उत्तर कुणाकडूनही घ्यायची घाई करू नका.

पण दाराच्या अलीकडे एक गोष्ट आपल्या हातात आहे. ‘जाणीव उरते का’ असं विचारताना आपण ‘जाणीव’ म्हणजे काय हे ठाऊक असल्यासारखं बोलतो. ठाऊक नसतं. विचार म्हणजे जाणीव? आठवणी? नाव, नातं, शरीराचं वजन? ही एकेक गोष्ट क्षणभर शांत झाली तरी मागे काही जाणतं असतं का, हे जिवंतपणी तपासता येतं. पुढचा सगळा सराव त्यासाठी आहे.

पहिले दोन आठवडे: फक्त बैठक

रोज वीस मिनिटं, शक्यतो पहाटे, रोज त्याच जागी. देवघरासमोर बसलात तर चांगलं, गॅलरीच्या कोपऱ्यात बसलात तरी चांगलं. सतरंजी अंथरा आणि बसण्याच्या जागी जाड कांबळ्याची घडी ठेवा. कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटं उंच हवी. गुडघे वर आणि कंबर खाली राहिली की दहाव्या मिनिटाला पाठ वाकते, आणि लोकांना वाटतं आपल्याला ध्यान जमत नाही. जमत नसते ती घडी. साधी मांडी पुरेशी आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा, पाठ टेकू नका. पाठीचं दुखणं असेल तर मात्र बिनधास्त टेका. मोबाइलवर गजर लावून तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

डोळे मिटा. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, श्वास लागतो तिथे लक्ष ठेवा. श्वास लांब करू नका, खोल करू नका, तो जसा येतो तसा येऊ द्या. प्रत्येक श्वास बाहेर गेला की एक आकडा मोजा, दहापर्यंत, मग पुन्हा एक. चौथ्या आकड्यालाच तुम्ही भाजीच्या हिशेबात किंवा कालच्या भांडणात सापडाल. सापडलात हे कळलं तो क्षण महत्त्वाचा आहे, कारण त्या क्षणी तुम्ही जागे होता. स्वतःवर न चिडता एकपासून सुरू करा. वीस मिनिटांत साठ वेळा परत यावं लागलं तर साठ वेळा परत या.

शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पाण्याचा पंप, कुणाची तरी बाइक हे सगळं चालूच राहणार. आवाज थांबण्याची वाट बघू नका. पायाला मुंग्या आल्या तर आधी मिनिटभर त्या मुंग्यांकडेच बघा, मग सावकाश पाय बदला. पेंग येत असेल तर तोंडावर पाणी मारा आणि रात्री लवकर झोपा. ज्यांना रोज पेंग येते त्यांची अडचण बहुतेक वेळा झोपेची असते.

या दोन आठवड्यांत मृत्यूचा विचार मुद्दाम करू नका. बैठक नसताना तो विचार आणला की फक्त घाबरायला होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून: श्वासाचा शेवट

हा या लेखाचा गाभा आहे.

मोजणं सोडा. आता श्वास बाहेर जाताना त्याच्या मागोमाग जा, अगदी शेवटपर्यंत. आपण नेहमी श्वासाची सुरुवात बघतो, शेवट बघत नाही. शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास हा स्नायू सैल पडल्याने होतो, त्याला जोर लागत नाही. तो संपतो तिथे एक छोटीशी उसंत असते. शरीराला अजून हवा नको असते. पुढचा श्वास स्वतःहून सुरू होईपर्यंत त्या जागेत काही घडत नसतं.

त्या जागेत लक्ष ठेवा. ती वाढवू नका. श्वास रोखणं हा वेगळा अभ्यास आहे, तो जाणकारासमोर करायचा असतो आणि इथे त्याचं काम नाही. रोखल्याचं ओळखायची खूण सोपी आहे: पुढचा श्वास हपापल्यासारखा आत आला तर तुम्ही रोखला होता.

सुरुवातीला त्या जागेत काहीच सापडणार नाही, कारण आपण तिथे पोचतच नाही. श्वास संपायच्या आधीच मन पुढच्या श्वासाला हात घालतं. ही घाई दिसणं हाच पहिला टप्पा. मला ती दिसली तेव्हा मी हबकले होते. दिवसभर मी असंच जगत होते: वाक्य संपायच्या आत पुढचं, घास गिळायच्या आत पुढचा. कुठलीच गोष्ट मी संपू देत नव्हते.

हळूहळू, कुणाला दोन आठवड्यांत, कुणाला चार महिन्यांत, श्वास पूर्ण संपू द्यायला जमतं. मग त्या उसंतीत काय आहे ते बघा. श्वास नाही. बहुतेक वेळा विचारही नाही, निदान शब्दांचा नाही. ‘मी अमुक, माझं वय इतकं’ हेही त्या क्षणी चालू नाही. तरी तुम्ही बेशुद्ध पडलेला नाही. काहीतरी जागं आहे. ते काय आहे याला नाव देऊ नका. नाव दिलं की तो पुन्हा एक विचार होतो. पुढचा श्वास येईल, तो जाईल, पुन्हा बघा.

काही दिवस भीती वाटेल. छातीत धस्स होईल, पुढचा श्वास आलाच नाही तर, असं वाटेल. वडिलांच्या उशाशी मोजलेले ते आकडे मला इथेच पुन्हा भेटले. कितीतरी दिवस प्रत्येक बैठकीत मी त्या खोलीत असायचे. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या, तुम्हीही करा. डोळे उघडायचे, समोरची एखादी वस्तू बघायची, तळवे जमिनीला टेकवायचे. धडधड शांत झाली की त्या दिवशी साध्या मोजणीवर परत जायचं. भीतीला धडका मारून ध्यान खोल होत नाही.

हा सराव माझ्या डोक्यातून आलेला नाही. पाली सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या जुन्या संग्रहात, एक प्रसंग आहे. बुद्ध भिक्षूंना विचारतात, तुम्ही मरणाचं स्मरण कसं ठेवता? एक म्हणतो, अजून एक दिवस-रात्र जगलो तर किती साधेल, असा विचार करतो. दुसरा म्हणतो, एक दिवस. तिसरा म्हणतो, एक जेवण होईपर्यंत. असं अंतर कमी होत जातं. शेवटी एक जण म्हणतो, एक घास चावून गिळेपर्यंत, आणि दुसरा म्हणतो, श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत. या शेवटच्या दोघांनाच बुद्ध जागरूक म्हणतात, बाकीचे त्यांच्या लेखी बेसावध. याला मरणसती म्हणतात. तुकोबांनी आपलं मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचं आणि तो सोहळा झाल्याचं गायलं आहे. लहानपणी भजनात ऐकताना मला ते अवघड वाटायचं. आता वाटतं, त्याची पहिली पायरी इतकी लहान असू शकते: एक उच्छ्वास.

दोन-तीन महिन्यांनी: ‘मी आहे’ एवढंच

आता बैठक अर्धा तास करा. शेवटची दहा मिनिटं श्वासही सोडून द्या. त्याच्याकडे बघू नका, तो आपला चालेल. ‘मी आहे’ ही जी साधी जाणीव आहे तिथे थांबा. वाक्य म्हणायचं नाही. डोळे मिटलेले असताना, कुणी न सांगता, आपण आहोत हे ज्याने कळतं, तेवढ्यावर राहायचं.

मुंबईत खेतवाडीत बिड्यांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. निसर्गदत्त महाराज म्हणून ते पुढे जगभर ओळखले गेले. त्यांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, त्यांना हेच सांगितलं होतं आणि त्यांनी तेच धरून ठेवलं. दुकान, संसार सांभाळून. पुढे परदेशातून लोक त्यांच्या माळ्यावरच्या छोट्या खोलीत यायचे. महाराज मराठीत बोलायचे आणि दुभाषे ते इंग्रजीत सांगायचे. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटतं की यासाठी हिमालयात जायची गरज पडली नाही. गिरगावात, चाळीत, गिऱ्हाईक सांभाळत हे झालं.

रमण महर्षींची गोष्ट तर थेट मृत्यूची आहे. जुलै 1896. मदुराईत काकांच्या घरी सोळा वर्षांचा मुलगा एकटा बसलेला असतो. काही आजार नसताना एकाएकी आपण मरतो आहोत अशी जबरदस्त भीती त्याला वाटते. तो कुणाला हाक मारत नाही. आडवा होतो, हातपाय ताठ करतो, ओठ मिटतो आणि स्वतःशी बघतो: हे शरीर मेलं, आता ते स्मशानात नेतील, जाळतील. पण शरीर गेल्यावर मी गेलो का? त्याला ‘मी’ची जाणीव शरीरावेगळी, लख्ख जिवंत सापडते. सहा आठवड्यांनी तो घर सोडतो, 1 सप्टेंबरला तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला पोचतो आणि 1950 मध्ये देह ठेवेपर्यंत तिथेच राहतो.

या गोष्टीची नक्कल करू नका. त्याचं ते आपोआप झालं होतं. ठरवून आडवं होऊन श्वास रोखणं म्हणजे नाटक होईल, आणि ते धोक्याचंही आहे. त्यातला प्रश्न तेवढा घ्या. बैठकीत एखादी वेदना आली, आठवण आली, तर विचारा: हे कुणाला कळतंय? उत्तर शोधू नका. प्रश्न विचारला की लक्ष बाहेरच्या गोष्टीवरून मागे वळतं, तेवढंच त्याचं काम.

आणखी एक सांगते, कारण पुस्तकी उत्साहात ते विसरलं जातं. हे दोघेही कर्करोगाने गेले. शरीराचं दुखणं त्यांनाही चुकलं नाही. ध्यानाने आजार बरा होईल, मरण टळेल, असं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

रोज रात्री: झोपेचा उंबरठा

मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं आहे. जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि या तिन्हींना जाणणारं चौथं, तुरीय, अशी त्याची मांडणी. गाढ झोपेत तुमचं नाव, घर, नातेवाईक, कर्ज, सगळं जातं. मृत्यूत जे जाईल म्हणून आपण घाबरतो, त्यातलं बहुतेक आपण रोज रात्री आनंदाने सोडतो, उलट ते सुटलं नाही तर गोळी घेतो.

दिवा मालवल्यावर पाठीवर पडा. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडा. मग उच्छ्वासाच्या शेवटाकडे बघा, सकाळी बघता तसंच. विचारांची वाक्यं मध्येच तुटायला लागतील, त्यांच्या जागी तुटक चित्रं येतील. तो उंबरठा. तिथे किती वेळ जागं राहता येतं ते बघा. झोपेशी झगडू नका. झोप लागली तर लागली.

सकाळी डोळे उघडण्याआधीचा क्षणही असाच आहे. जाग आलेली असते, पण ‘मी कोण, आज वार कोणता’ हे अजून आलेलं नसतं. एक-दोन सेकंदांचाच हिशेब. मोबाइल उशाशी असेल तर तो क्षण कधीच सापडणार नाही.

अनुभव आले तर

येतात. मिटल्या डोळ्यांसमोर निळा-पांढरा उजेड, कानात घुमणारा आवाज, शरीर मोठं झाल्यासारखं किंवा हलकं झाल्यासारखं वाटणं, कारण नसताना डोळ्यांतून पाणी. मला एकदा वडिलांच्या तपकिरीचा वास आला, इतका स्पष्ट की मी डोळे उघडले. तेव्हा मी तो निरोप समजले आणि पुढचे कितीतरी महिने त्या वासाची वाट बघत बसले. त्या काळात माझं ध्यान पूर्ण थांबलं होतं, रोज तासभर बसत होते तरी.

म्हणून सांगते: आलेला अनुभव नाकारू नका, त्याचा अर्थ लावू नका, आणि उद्या तो पुन्हा यावा म्हणून बसू नका. चारचौघांत सांगू नका, सांगितलं की तो वाढत जातो. तो श्वासासारखाच आला आणि गेला. त्याच्याही शेवटाकडे बघा.

ध्यान खोल होतंय का, हे बैठकीच्या बाहेर कळतं. रागावल्यावर भानावर यायला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता दोन तास लागतात का? मोडलेली, हरवलेली वस्तू सुटते का? दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यावर काहीतरी बोलत राहायची धडपड कमी झाली का? माझ्या दृष्टीने ही शेवटची खूण सगळ्यात पक्की आहे.

कुणी थांबावं

घरात नुकतंच मरण झालं असेल तर निदान काही महिने श्वासाच्या शेवटाचा सराव करू नका. साधी श्वासाची मोजणी, नामस्मरण, हरिपाठ, रोजचं चालणं एवढं पुरे. दुःखाला त्याचा वेळ लागतो आणि ध्यानाने त्याला बाजूला सारणं चुकीचं आहे. मी ते केलं होतं, ते सगळं रडू दोन वर्षांनी एकदम बाहेर आलं.

नैराश्य, भास, तीव्र चिंता यांसाठी औषधोपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका, आणि ध्यान जमायला लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका. मन ‘मरणाचं स्मरण’ सोडून ‘मरावंसं वाटणं’ याकडे वळतंय असं जाणवलं, तर त्याच क्षणी बैठक थांबवा, जवळच्या माणसाला सांगा, आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आणि मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आणि मेलेल्यांशी बोलणं करून देतो, मागचा जन्म दाखवतो, असं म्हणत पैसे मागणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका. दुःखातला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो.

शिबिराला जायचं असेल तर

घरी तीन-चार महिने नेमाने बसल्यावर जा, आधी नको. महाराष्ट्रात सोयीचं ठिकाण म्हणजे इगतपुरीचं धम्मगिरी. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं तिथे 1976 पासून होत आहेत. फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं. पहाटे चारला घंटा होते, दिवसाला सुमारे दहा तास बसायचं असतं, मौन असतं, फोन जमा करावा लागतो. रात्रीचं जेवण नसतं, नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं मिळतात. पहिले तीन दिवस फक्त श्वास, ज्याला ते आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे अंगावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत बघणं. बहुतेकांना दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. अर्ज भरताना प्रकृतीची माहिती विचारतात, ती खरी लिहा.

मरणाऱ्याजवळ बसताना

एक दिवस हा सराव तुम्हाला कुणाच्यातरी उशाशी लागेल. आजी असेल, सासरे असतील, मित्र असेल. त्याआधी जेवढं बसणं झालं असेल तेवढंच त्या वेळी हाताशी असतं.

खोलीतली गर्दी कमी करा. टीव्ही बंद. तोंडात तुळशीपत्र, गंगाजळ घालायची घाई होते, पण गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. त्याऐवजी ओल्या कापसाने ओठ भिजवा. घशातली घरघर ऐकून बाकीचे घाबरतील. त्यांना सांगा की ते मरणाच्या वेळी बहुधा होतंच, आणि ती ऐकणाऱ्याला जितकी वाटते तितकी त्या माणसाला जाणवत नसावी, असं अशा रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर सांगतात.

बोला. 2020 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी, प्रतिसाद देणं थांबलेल्या मरणासन्न रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या. त्यातल्या काहींचा मेंदू आवाजांना अजून प्रतिसाद देत होता. त्यांना काय समजत होतं ते यावरून ठरवता येत नाही, पण ‘आता त्यांना काही कळत नाही’ असं त्यांच्यासमोर म्हणू नका. संपत्तीचं, अंत्यविधीचं बोलणं खोलीबाहेर. ज्यांना हरिपाठ आवडायचा त्यांच्यासाठी हळू आवाजात हरिपाठ म्हणा. ज्यांना आवडत नव्हता त्यांच्यासाठी म्हणू नका, त्यांच्या आवडीचं जुनं गाणं लावा. आपण आहोत, पुढचं सांभाळू, असं एकदा तरी सांगा.

मग हात हातात घ्या आणि त्यांच्या श्वासाकडे बघा. त्यांचा श्वास बाहेर गेला की तुमचाही सोडा, शेवटपर्यंत. त्यांच्या पुढच्या श्वासासाठी तुम्ही थांबू नका, तुमचा तुम्ही घ्या. मधली अंतरं वाढतील. मोजू नका. मी मोजली होती, आणि त्या आकड्यांमुळे मी वडिलांच्या खोलीत असूनही तिथे नव्हते. यंदा आईच्या वेळी मी एकही आकडा मोजला नाही. तिचा हात गार पडेपर्यंत धरून बसले, आणि मग उठून खिडकी उघडली.